रिमोटला टीव्हीची बोली शिकवू या

(पनवेल येथे प्रौढांच्या रात्रीच्या वर्गापुढे केलेले भाषण)



गेल्या खेपेला आपण विजेचे बिल कसे वाचावे ते पाहिले. आजचा विषयही घरातलाच आहे. तुमच्यापैकी पाचसहा जणांनी आम्हांला विचारले, "गुरुजी, टीव्हीचा रिमोट मोडला. बाजारातून नवा आणला, तर तो चालतच नाही. काय करावं?" म्हणून आज रिमोटविषयी बोलू.

कोणी म्हणेल, साक्षरतेच्या वर्गात रिमोट कशाला? आम्ही म्हणतो, तो इथेच पाहिजे. नव्या रिमोटबरोबर एक कागद मिळतो. त्या कागदावर आकडे असतात. ज्याला ते आकडे वाचता येतात, त्याला तो रिमोट लावता येतो. ज्याला वाचता येत नाहीत, त्याला शेजारच्या पोराची वाट पाहावी लागते. पोर येते, दोन मिनिटांत काम करते आणि जाताना म्हणते, "आजी, तुला नाही जमायचं." हे "नाही जमायचं" आपल्याला घरातून घालवायचे आहे.

१. आधी टीव्ही आला, मग रिमोट

आपल्या देशात टीव्ही प्रथम दिल्लीला सुरू झाला, १५ सप्टेंबर १९५९ रोजी. मुंबईचे केंद्र सुरू झाले २ ऑक्टोबर १९७२ रोजी, गांधीजयंतीला. तेव्हा कार्यक्रमाची वाहिनी एकच होती. टीव्हीला पुढे खटके असत. उठायचे, खटका फिरवायचा आणि बसायचे. वाहिनी बदलण्याचा प्रश्नच नव्हता. मग रिमोट हवा कोणाला?

१९८२ साली रंगीत टीव्ही आला. १९९१-९२ च्या सुमारास केबल आली. एका वाहिनीच्या दहा झाल्या, दहाच्या पन्नास झाल्या. आता दर वेळी उठून खटका फिरवणे जमेना. मग रिमोट ही घरातली रोजची वस्तू झाली.

परदेशात मात्र तो फार आधी आला होता. १९५५ साली अमेरिकेतील झेनिथ कंपनीच्या युजीन पॉली यांनी बॅटरीसारखा प्रकाश टाकणारा रिमोट केला. पण त्यात एक गंमत होती. खिडकीतून ऊन टीव्हीवर पडले की वाहिनी आपोआप बदले! पुढच्याच वर्षी, १९५६ साली, त्याच कंपनीच्या रॉबर्ट ॲडलर यांनी आवाजावर चालणारा रिमोट काढला. त्याला सेल लागत नसत. बटण दाबले की आत एक हातोडी ॲल्युमिनियमच्या कांबीवर आपटे. त्या कांबीचा आवाज इतका बारीक की माणसाच्या कानाला ऐकू येत नसे, पण टीव्हीला येई. पुढे ही पद्धत मागे पडली आणि आजचा प्रकाशाचा रिमोट आला.

२. रिमोट बोलतो कसा?

रिमोटच्या तोंडाशी एक लहानसा दिवा असतो. बटण दाबले की तो लुकलुकतो. पण आपल्याला तो दिसत नाही. का बरे?

इंद्रधनुष्य आठवा. त्याच्या एका कडेला जांभळा रंग, दुसऱ्या कडेला तांबडा. त्या तांबड्याच्याही पलीकडे प्रकाश असतो, पण आपल्या डोळ्यांना तो दिसत नाही. १८०० साली विल्यम हर्शेल या शास्त्रज्ञाने तो शोधला. त्याला अवरक्त प्रकाश म्हणतात. रिमोटचा दिवा याच प्रकाशाचा.

तुम्हांला तो पाहायचा आहे काय? मोबाइलचा कॅमेरा चालू करा. रिमोटचे तोंड कॅमेऱ्याकडे धरा आणि बटण दाबा. मोबाइलच्या पडद्यावर फिकट जांभळट ठिपका लुकलुकताना दिसेल. मागच्या कॅमेऱ्यात न दिसला तर पुढच्या कॅमेऱ्यात पाहा. ही युक्ती ध्यानात ठेवा. रिमोट जिवंत आहे की मेला, हे तिने फुकट कळते.

आता हा दिवा नुसता लुकलुकत नाही. तो खुणा करतो. समजा, गाढी नदीच्या अलीकडे तुम्ही उभे आहात, पलीकडे तुमचा भाऊ. रात्र आहे. दोघांच्या हाती बॅटरी आहे. तुम्ही ठरवले आहे की एकदा लांब आणि दोनदा आखूड उजेड म्हणजे "ये", दोनदा लांब म्हणजे "थांब". रिमोट हेच करतो. फक्त तो फार जलद करतो. त्याचा दिवा एका सेकंदात सुमारे अडतीस हजार वेळा लुकलुकतो, आणि त्या लुकलुकीचे लांब-आखूड तुकडे पाडून तो निरोप धाडतो.

बहुतेक रिमोटच्या निरोपाचे दोन भाग असतात, पोस्टाच्या पत्राप्रमाणे. आधी पत्ता, मग मजकूर. पत्ता म्हणजे "हा निरोप अमक्या जातीच्या टीव्हीला". मजकूर म्हणजे "आवाज वाढव" किंवा "बंद हो". एका पद्धतीत तर तोच मजकूर उलटा करून पुन्हा पाठवतात. आपण गणित सोडवल्यावर ताळा पाहतो ना, तसा टीव्हीही ताळा पाहतो. ताळा जमला तरच हुकूम पाळतो.

३. प्रत्येक कंपनीची बोली निराळी

पनवेलच्या बाजारात उभे राहिले तर कानावर किती बोली पडतात! आगरी आहे, कोळी आहे, गुजराती आहे, हिंदी आहे. पाणी सगळ्यांना लागते, पण शब्द निराळे. टीव्हीच्या कंपन्यांचेही तसेच आहे. "आवाज वाढव" हे एक कंपनी एका खुणेने सांगते, दुसरी दुसऱ्या खुणेने. म्हणून एका कंपनीचा रिमोट दुसऱ्या कंपनीच्या टीव्हीवर सहसा चालत नाही.

मग युनिव्हर्सल रिमोट म्हणजे काय? तो दुभाषा आहे. त्याच्या पोटात शेकडो टीव्हींच्या बोली साठवलेल्या असतात. पण तुमच्या घरी कोणती बोली चालते, हे त्याला ठाऊक नसते. ते आपण सांगायचे. हे सांगणे म्हणजेच रिमोट लावणे. बस्स, एवढेच. त्यात जादू नाही आणि भीतीही नाही.

अशा रिमोटची गरज का पडते? औरंगाबादजवळ, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरजवळ, व्हिडिओकॉन कंपनीचा मोठा कारखाना होता. तिचे टीव्ही घरोघर गेले. २०१८ साली ती कंपनी दिवाळखोरीच्या कायद्याखाली गेली. पण म्हणून घरातले टीव्ही काही बंद पडले नाहीत. कंपनी थकली तरी तिची वस्तू चालते. अशा वेळी हा दुभाषा उपयोगी पडतो.

४. बाजारात जाण्यापूर्वी

जुना रिमोट मोडला असला तरी टाकू नका. तो पिशवीत घालून दुकानात न्या. त्याच्याशी हुबेहूब मिळता रिमोट मिळाला, तर काहीच लावावे लागत नाही. सेल घातले की चालतो.

तसा मिळाला नाही, तर युनिव्हर्सल घ्या. टीव्हीवर कंपनीचे नाव बहुधा पडद्याच्या खाली लिहिलेले असते. तुम्हांला इंग्रजी वाचता येत नसेल तरी हरकत नाही. ती अक्षरे चित्राप्रमाणे कागदावर उतरवून घ्या. पुढे कामाला येतील.

दुकानदाराला तीन गोष्टी विचारा. आकड्यांचा कागद सोबत आहे काय? आमच्या कंपनीचे नाव त्या कागदावर आहे काय? न चालल्यास परत घ्याल काय? संकोच करू नका. पैसे आपण देतो, विचारण्याचा हक्क आपला आहे.

आणखी एक. काही नव्या स्मार्ट टीव्हींचे रिमोट प्रकाशावर नव्हे, तर मोबाइलप्रमाणे बिनतारी लहरींवर बोलतात. त्यांची रीत निराळी. आज आपण साध्या टीव्हीचेच बोलत आहोत.

५. आकडा घालण्याची रीत

आता नीट ऐका. वहीत लिहून घेतलेत तर उत्तम.

पहिले काम: रिमोटमध्ये नवे सेल घाला. अधिक आणि उणे या खुणा पाहून घाला.

दुसरे काम: टीव्ही त्याच्या अंगावरच्या बटणाने चालू करा. हे बटण कधी खाली, कधी पाठीमागे, कधी बाजूला असते. हाताने चाचपून पाहा.

तिसरे काम: कागदावर आपल्या कंपनीचे नाव शोधा. उतरवून घेतलेली अक्षरे एकेक करून ताडून पाहा. नावापुढे तीन किंवा चार आकड्यांचे काही गट दिसतील. एकाच कंपनीपुढे पाचदहा गट असतात, कारण त्या कंपनीने वेळोवेळी बोली बदललेली असते.

चौथे काम: रिमोटवरचे 'सेट' हे बटण दाबून धरा. थोड्या वेळाने रिमोटवरचा तांबडा दिवा लागून राहील. मग बोट सोडा.

पाचवे काम: आकड्यांचा पहिला गट सावकाश दाबा. शेवटचा आकडा दाबला की दिवा विझेल. याचा अर्थ, "ऐकले, ध्यानात ठेवले."

सहावे काम: रिमोट टीव्हीकडे धरून आवाजाचे बटण दाबा. आवाज कमीजास्त झाला की जिंकलात! न झाला तर दुसरा गट घाला. मग तिसरा.

आवाज चालला म्हणून तिथेच थांबू नका. बंद-चालू करून पाहा, वाहिनी बदलून पाहा. कधी आवाज चालतो आणि बाकीची बटणे चालत नाहीत. म्हणजे बोली जवळची आहे, पण तीच नाही. तर पुढचा गट घालून पाहा.

काही रिमोटवर 'सेट' ऐवजी 'टीव्ही' हे बटण दाबून धरावे लागते. कागदावर चित्र असते, ते आधी पाहावे.

६. चार की आठ?

आता एक खरी गोष्ट सांगतो. कोळीवाड्यातल्या एक मावशी आपल्या वर्गाला येतात. नाव सांगत नाही. वय सत्तरीच्या घरात. मुलगा होडीवर जातो. मावशींना टीव्ही पाहायचा तो बातम्यांसाठी, त्यातही हवामानासाठी. त्यांचा रिमोट पाण्यात पडून बिघडला. एका दुकानात त्यांना सांगितले, "टीव्ही जुना झाला, नवाच घ्या." नव्या टीव्हीचे पैसे कुठून आणायचे? दुसऱ्या दुकानातून त्यांनी दोन-अडीचशे रुपयांचा युनिव्हर्सल रिमोट घेतला. घरी तीन दिवस खटपट केली. चालेना. मग रिमोट आणि कागद घेऊन त्या वर्गात आल्या आणि म्हणाल्या, "गुरुजी, टीव्हीच गेलाय वाटतं."

आम्ही त्यांच्या घरी गेलो. आधी मोबाइलने रिमोटचा दिवा पाहिला. लुकलुकत होता. म्हणजे रिमोट ठीक. मग म्हटले, "मावशी, कागदावरचा आकडा मोठ्याने वाचा, आणि वाचाल तोच दाबा."

त्यांनी वाचले, "शून्य, एक, चार..."

आम्ही म्हटले, "थांबा. हा चार आहे का?"

मावशींनी कागद डोळ्यांजवळ नेला. मग त्या हसू लागल्या. म्हणाल्या, "अगं बाई! हा इंग्रजी आठ की!"

मंडळी, ही गोष्ट आम्ही मावशींना हसण्यासाठी सांगत नाही. ही खोच तुम्हा साऱ्यांसाठी आहे. मराठी चार आणि इंग्रजी आठ दिसायला जवळजवळ सारखे. मराठी एक आणि इंग्रजी नऊ यांचेही तसेच. आपण मराठी आकडे आधी शिकलो, म्हणून डोळा फसतो. शून्य, दोन आणि तीन हे मात्र दोन्हीकडे बरेचसे एकसारखे आहेत. रिमोटच्या बटणांवर, कागदावर, मोबाइलवर, नोटेच्या क्रमांकावर इंग्रजी आकडे असतात. तिथे चार पाहिला की मनाशी विचारा, हा आठ तर नाही? एक पाहिला की विचारा, हा नऊ तर नाही?

मावशींनी पुन्हा आकडा घातला. दिवा विझला. आवाजाचे बटण दाबले, तर आवाज एवढा चढला की शेजारीण धावत आली. तिने विचारले, "कोणी लावून दिला?" मावशी म्हणाल्या, "मी लावला." तीन दिवसांपासून अडलेले काम झाले, ते कोणाच्या हुशारीने नव्हे. एक आकडा बरोबर वाचला म्हणून झाले. रिमोटच्या जागी औषधाच्या गोळ्यांची संख्या असती तर? बँकेतला खाते क्रमांक असता तर? म्हणून वाचताना घाई नको.

७. आकडा सापडला नाही तर

कागद हरवला, किंवा कंपनीचे नाव त्यावर नाही. तरी वाट आहे. पुष्कळ रिमोट स्वतः बोली शोधतात. टीव्ही चालू ठेवा. 'सेट' दाबून दिवा लावा. मग रिमोट टीव्हीकडे धरून बंद-चालूचे बटण दर सेकंदाला एकदा दाबत राहा. काहींत ते दाबूनच धरायचे असते. रिमोट एकामागून एक बोली बोलून पाहतो. ज्या क्षणी टीव्ही बंद होईल, त्या क्षणी थांबा आणि 'सेट' किंवा 'ओके' दाबा. बोली पक्की झाली. याला पाच-दहा मिनिटे लागू शकतात. हात दुखतो, पण काम होते. टीव्हीवरची नजर मात्र हलवू नका. चुकलात तर पुन्हा पहिल्यापासून!

तिसरी रीत शिकणाऱ्या रिमोटची. यात जुना रिमोट गुरू आणि नवा रिमोट शिष्य. दोघांची तोंडे समोरासमोर ठेवायची. नव्याचे एक बटण दाबायचे, मग जुन्याचे तेच बटण दाबायचे. शिष्य ती खूण पाठ करतो. ॲपल या संगणक कंपनीच्या संस्थापकांपैकी स्टीव्ह वॉझ्निॲक यांनी १९८७ साली असा शिकणारा रिमोट बाजारात आणला होता. आज केबलच्या किंवा डिशच्या डब्याच्या रिमोटवर टीव्हीसाठी चार-पाच बटणे असतात, ती बहुधा याच रीतीने शिकतात. म्हणून सांगतो, जुना रिमोट पुरता बंद पडण्याआधीच त्याची विद्या नव्याला देऊन ठेवा.

८. टीव्ही बिघडला की दार चुकले?

मुंबईत ३१ ऑक्टोबर २०१२ च्या मध्यरात्रीनंतर केबलला डबा सक्तीचा झाला. पुढे टप्प्याटप्प्याने तो सगळीकडे आला. तेव्हापासून घरात दोन यंत्रे आणि दोन रिमोट झाले. एक टीव्हीचा, एक डब्याचा. टीव्हीच्या रिमोटने वाहिनी बदलायला गेलात तर पडदा निळा किंवा काळा होतो आणि 'नो सिग्नल' अशी पाटी येते. मग घरात गडबड उडते, "टीव्ही बिघडला!"

टीव्ही बिघडलेला नसतो. घराला जशी दोन-तीन दारे असतात, तशी टीव्हीला चित्र आत येण्याची दोन-तीन दारे असतात. डब्याची तार एका दारात, आणि टीव्ही पाहतो दुसऱ्या दाराकडे. टीव्हीच्या रिमोटवर 'सोर्स' किंवा 'इनपुट' किंवा 'एव्ही' असे बटण असते. ते एकेकदा दाबून थांबा. योग्य दार आले की चित्र दिसेल. एवढ्यासाठी कारागिराला पैसे देऊ नका.

९. सेलांची काळजी

रिमोटला बहुधा दीड व्होल्टचे दोन बारीक सेल लागतात. दोन्ही एकदम बदला. एक जुना, एक नवा असे करू नका. रिमोट पुष्कळ दिवस वापरणार नसाल तर सेल काढून ठेवा. सेल पाझरला तर आतले पत्रे गंजतात. काही रिमोटमध्ये नाण्यासारखा चपटा सेल असतो. तो लहान मुलाने गिळला तर आतून अन्ननलिका जळते, जिवावर बेतते. तसे झाल्यास एक क्षण न घालवता इस्पितळ गाठा.

सेल काढले की काही रिमोट शिकलेले विसरतात. म्हणून तुमचा चाललेला आकडा एका चिठ्ठीवर लिहा आणि ती सेलांच्या झाकणावर आतून चिकटवा. तुम्ही लिहायला शिकलात, त्याचा हा उपयोग.

१०. शेवटी दोन शब्द

टीव्ही म्हणजे नुसती करमणूक, असे समजू नका. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आपल्या रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळले. ते येण्याआधी सूचना टीव्हीवर येत होत्या. त्याच वर्षी करोनामुळे शाळा बंद होत्या. तेव्हा जुलैपासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' नावाची मालिका लागे, पहिली ते आठवीच्या मुलांसाठी. ज्या घरी मोठा मोबाइल नव्हता, त्या घरच्या मुलांना तीच शाळा होती. अशा वेळी रिमोट मोडून पडला असेल आणि लावायला कोणी नसेल, तर नुकसान केवढे!

घरातला टीव्ही ज्याच्या हाती चालतो, त्याच्या मर्जीने सारे पाहतात. बाकीचे मागत बसतात. "बाळा, जरा बातम्या लाव रे." बाळाला वेळ असला तर तो लावतो. म्हाताऱ्या माणसांनी आणि घरातल्या बायकांनी असे मागत का बसावे? रिमोट हाती घ्या, कागद समोर धरा, आकडा मोठ्याने वाचा आणि दाबा. फार तर काय होईल? नाही चालला, तर पुढचा आकडा घालू. चुकीचा आकडा घातल्याने टीव्ही बिघडत नाही. हे पक्के ध्यानात ठेवा.

पुढच्या वर्गाला ज्यांच्याकडे असे रिमोट पडून आहेत, त्यांनी ते कागदासह आणावेत. आपण सगळे मिळून कागद वाचू. लावायचे मात्र ज्याचे त्याने.



वाचा आणि उत्तरे सांगा

१. रिमोटचा दिवा आपल्याला का दिसत नाही? तो कशाने पाहता येतो?
२. युनिव्हर्सल रिमोटला दुभाषा का म्हटले आहे?
३. कोणता इंग्रजी आकडा मराठी चारसारखा दिसतो? कोणता मराठी एकसारखा दिसतो?
४. 'नो सिग्नल' अशी पाटी आली तर तुम्ही काय कराल?
५. तुमच्या टीव्हीच्या कंपनीचे नाव पाहून वहीत उतरवा.